'जेन एअर'वरचं विद्यार्थ्यांचं लेखन

शार्लट ब्राँटीची 'जेन एअर' ही कादंबरी ऑक्टोबर १८४७ मध्ये लंडनला तीन खंडांत आली, तीही 'करर बेल' या टोपणनावाने. इंग्लंडच्या शाळा-कॉलेजांत ती आजही शिकवतात आणि त्यामुळे विद्यार्थ्यांचं दोन तऱ्हेचं लेखन तिच्याभोवती जमत गेलंय. एक समीक्षेचं, म्हणजे आपण शाळेत करायचो ते रसग्रहण जरा मोठं झालेलं, आणि दुसरं सर्जनशील, म्हणजे एखाद्या पात्राचं मनोगत, डायरी, पत्र, कादंबरीत नसलेला प्रसंग, नाहीतर वर्गात रॉचेस्टरवर चालवलेला खटला.

गोष्ट थोडक्यात अशी की मामीच्या घरी छळ सोसलेली अनाथ जेन लोवुडच्या शाळेतून थॉर्नफिल्ड या वाड्यावर शिक्षिका म्हणून जाते, मालक रॉचेस्टरच्या प्रेमात पडते आणि ऐन लग्नात कळतं की त्याची पहिली बायको, जमैकाची बर्था, वरच्या मजल्यावर कोंडलेली आहे. विद्यार्थी सगळ्यात जास्त लिहितात ते या बर्थावरच, आणि खरं सांगायचं तर त्यातलं बरंचसं एकसारखं असतं : मी वेडी नव्हते, मला वेडी ठरवलं, वगैरे. याला कारणही आहे. डॉमिनिकात जन्मलेल्या जीन ऱ्हीसने १९६६ साली 'वाइड सरगॅसो सी' या कादंबरीत बर्थाची बाजू मांडली, १९७९ मध्ये गिल्बर्ट आणि गुबार या समीक्षकांनी 'द मॅडवुमन इन द ॲटिक'मध्ये ती जेनच्याच दाबलेल्या रागाचं रूप असल्याचं मांडलं, आणि १९८५ मध्ये समीक्षक गायत्री स्पिवाक यांनी विचारलं की जेनच्या मुक्तीची किंमत वसाहतीतल्या बाईने का मोजायची. एवढं सगळं वर्गात आयतं मिळाल्यावर पोरं तेच लिहिणार ना.

पण मूळ पुस्तक नीट वाचलं तर तिथे भरपूर सापडतं. बर्थाच्या तोंडी थेट असा एकही संवाद नाही, तरी ती बोलते हे मात्र कळतं, कारण विसाव्या प्रकरणात तिने चावलेला भाऊ मेसन रक्तबंबाळ अवस्थेत सांगतो की 'तुझ्या काळजातलं रक्त शोषून घेईन' असं ती म्हणाली. मग लग्नाच्या दोन रात्री आधी ती जेनच्या खोलीत येते, जेनचा लग्नात डोक्यावर घ्यायचा ओढणीसारखा पडदा स्वतःच्या डोक्यावर घालून आरशात बघते, आणि मग तो फाडून पायाखाली तुडवते, जेनला मात्र हातही लावत नाही. या दोन जागा धरून लिहिलेलं मनोगत आणि नुसतं हळहळणारं मनोगत यात जमीन-अस्मानाचा फरक पडतो. किंवा बर्थावर पहारा ठेवणारी नोकर ग्रेस पूल घ्या. बर्थाने रॉचेस्टरच्या पलंगाला आग लावली त्याच्या दुसऱ्या दिवशी ती शांतपणे नव्या पडद्यांना कड्या शिवत बसलेली असते, तिच्यावर फारच कमी जण लिहितात.

परीक्षेचा सर्जनशीलतेशी फारसा संबंध नाही. सोळाव्या वर्षीच्या जीसीएसई या शालान्त परीक्षेत एक्यूए या परीक्षा मंडळाच्या यादीत ही कादंबरी आहे, पुस्तक जवळ ठेवता येत नाही, छापलेल्या उताऱ्यापासून सुरुवात करून पूर्ण कादंबरीवर लिहायचं, ३० मार्क. म्हणून मुलं लाल खोलीतले, म्हणजे लहान जेनला मामी कोंडते त्या प्रसंगातले, वाक्प्रयोग पाठ करून जातात. याच बोर्डाच्या ए-लेव्हलच्या, म्हणजे अठराव्या वर्षीच्या परीक्षेच्या, एका अभ्यासक्रमात मात्र दोन निबंधांपैकी एक पुनर्लेखनाचा चालतो, पण सोबत भाष्य जोडावं लागतं : मी असं का लिहिलं आणि ते मूळ कृतीबद्दल काय सांगतं. माझ्या मते खरा कस या भाष्यातच लागतो, कारण कल्पना कितीही छान असली तरी मुलाने मूळ वाचलंय की नुसता सिनेमा पाहिलाय हे तिथे लगेच उघडं पडतं.

भारतीय वाचकाला खटकणारी जागा वेगळीच आहे. जेनचा आतेभाऊ सेंट जॉन रिव्हर्स मिशनरी म्हणून हिंदुस्थानात निघालेला असतो, जेनला जर्मन सोडून हिंदुस्थानी शिकायला लावतो आणि बायको होऊन सोबत चल म्हणून मागे लागतो, प्रेम नसताना. कादंबरीचा शेवट जेनच्या संसारावर नाही तर त्याच्यावर, इकडे मरणाच्या वाटेवर असलेल्या माणसावर होतो, आणि ज्यांना तो सुधारायला आला ते लोक पुस्तकात एकदाही प्रत्यक्ष दिसत नाहीत. त्यांच्यापैकी कुणाच्या तरी तोंडून सेंट जॉनची हकीकत लिहायला दिली तर स्पिवाक यांचा प्रश्न वेगळा समजावून सांगायची गरजच पडत नाही.