अंत या शब्दाचा प्रवास : आमोसाच्या टोपलीपासून प्रकटीकरणापर्यंत

बेथलेहेमच्या दक्षिणेला, यहूदातील शेती संपून वैराण टेकड्या जिथे सुरू होतात त्या सीमेवर, तकोवा नावाचे गाव होते. इ.स.पू. आठव्या शतकाच्या मध्यास तिथला आमोस नावाचा मेंढपाळ उत्तरेच्या इस्राएल राज्यात, बेथेलच्या राजमान्य देवस्थानात जाऊन बोलू लागला. मेंढरे राखणे आणि उंबराच्या जातीच्या झाडांची निगा राखणे हा त्याचा व्यवसाय होता. बायबलच्या जुन्या करारातील त्याच्या पुस्तकाच्या आठव्या अध्यायात एक लहानसा दृष्टान्त आहे. त्याला पिकलेल्या फळांची टोपली दिसते, देव विचारतो, ‘तुला काय दिसते?’, आणि आमोस उत्तर देतो, ‘काइत्स’, म्हणजे उन्हाळी फळे. त्यावर देव म्हणतो की इस्राएल लोकांचा ‘केत्स’, म्हणजे शेवट, आला आहे. हिब्रू भाषेतील या दोन शब्दांच्या नादसाम्यावर सगळा दृष्टान्त उभा आहे. टोपलीतली फळे म्हणजे हंगामाची अखेर; ती पिकली की पुढे त्यांना सडण्यावाचून गती नसते. आज जगाच्या अंतासंबंधी जी प्रचंड प्रतीकसृष्टी आपल्यासमोर आहे, तिच्या उगमाशी अशी साधी, शेतकऱ्याच्या घरातली वस्तू आहे, आणि हे विसरल्यामुळेच पुढचे पुष्कळसे गैरसमज झाले आहेत असे मला वाटते.

आमोसाचा ‘शेवट’ एका राज्याचा होता. दुसऱ्या यराबामाच्या कारकिर्दीत इस्राएल सुबत्तेत होते. हस्तिदंताने मढवलेल्या पलंगांवर लोळणारे श्रीमंत आणि जोड्याच्या मोलाने विकले जाणारे गरीब यांचे वर्णन आमोस स्वतःच करतो. त्याच्या श्रोत्यांना ‘परमेश्वराचा दिवस’ हा शब्दप्रयोग ठाऊक होता. देव आपल्या बाजूने लढेल आणि शत्रूंचा नाश करील, असा तो विजयाचा दिवस असल्याची त्यांची समजूत होती. आमोसाने ती उलटी केली. त्या दिवसाची वाट पाहणाऱ्यांनो, तो प्रकाशाचा नसून अंधाराचा आहे, असे सांगून तो उपमा देतो ती सिंहापासून पळताना अस्वलाच्या तावडीत सापडलेल्या आणि घरात येऊन भिंतीला हात टेकताच साप चावलेल्या माणसाची. भर दुपारी सूर्य मावळवीन, असेही देवाचे वचन तो सांगतो. इ.स.पू. ७६३ मधील सूर्यग्रहणाची नोंद अश्शूरच्या (असिरियाच्या) वर्षावळीत आहे, आणि त्याच सुमाराचा हा संदेष्टा असल्यामुळे काही अभ्यासक या वचनाचा संबंध त्या ग्रहणाशी जोडतात. भूकंपाचा उल्लेख तर त्याच्या पुस्तकाच्या पहिल्याच वचनात, कालनिर्देश म्हणून आहे. तो भूकंप एवढा मोठा होता की जखऱ्याच्या पुस्तकाच्या चौदाव्या अध्यायात, कित्येक पिढ्यांनंतरही, उज्जीया राजाच्या दिवसांतील भूकंप म्हणून त्याची आठवण निघते. काळवंडलेला सूर्य आणि हादरणारी भूमी ही पुढच्या सर्व साहित्यातील अंताची ठरलेली चिन्हे लोकांनी अंगावर झेललेल्या अनुभवांतून आलेली आहेत. इ.स.पू. ७२२ च्या सुमारास अश्शूरने इस्राएलची राजधानी शोमरोन घेतली आणि आमोसाने सांगितलेला शेवट त्या राज्यापुरता खरा झाला.

येथे मराठी वाचकाने एक सावधगिरी बाळगावी. अंतकाळ म्हटले की आपल्या मनात ‘प्रलय’ आणि ‘युगान्त’ हे शब्द सहज येतात, आणि त्यांच्यामागे सृष्टीच्या उत्पत्ती-लयाचे आवर्तन गृहीत असते. हिब्रू संदेष्ट्यांच्या मनात असे आवर्तन नाही. नोहाच्या कथेत पुन्हा जलप्रलय न आणण्याचे वचन देवाने दिलेले आहे, आणि संदेष्टे ज्याविषयी बोलतात तो इतिहासातच होणारा न्याय आहे. त्यांच्या पुस्तकांत वारंवार येणारा ‘अहरीत हय्यामीम’ हा शब्दप्रयोग पुढे ‘शेवटले दिवस’ असा वाचला गेला, तरी मुळात त्याचा अर्थ ‘पुढील काळी’ इतकाच होऊ शकतो.

राज्यामागून राज्ये कोसळू लागली तशी ही भाषा मोठी होत गेली. यशयाच्या तेराव्या अध्यायात तारे निस्तेज होतात आणि सूर्य उगवताच काळा पडतो, परंतु अध्यायाचा विषय बाबेलचा (बॅबिलोनचा) पाडाव हा आहे. एका साम्राज्याचे मोडणे सांगायला आकाश मोडल्याची भाषा वापरलेली आहे. यहूदाच्या योशीया राजाच्या काळातील सफन्या या संदेष्ट्याने त्या दिवसाचे वर्णन क्रोध, संकट, अंधार आणि रणशिंग यांनी केले, आणि त्याच्याच शब्दांच्या लॅटिन रूपावरून मध्ययुगीन युरोपात मृतांसाठीच्या प्रार्थनाविधीत गायिले जाणारे ‘दिएस इरे’ हे स्तोत्र सुरू झाले. योशीया स्वतः इ.स.पू. ६०९ मध्ये मगिद्दो येथे मिसरच्या फारोकडून मारला गेला. धर्मनिष्ठ राजा जिथे पडला त्या जागेचे नाव दुःखाशी कायमचे जोडले गेले, आणि नव्या करारातील शेवटच्या पुस्तकात, प्रकटीकरणात, अंतिम लढाईच्या जागेला दिलेल्या ‘हर्मगिदोन’ या नावात बहुतेक अभ्यासकांना तेच मगिद्दो ऐकू येते. यरुशलेम आणि तिथले मंदिर इ.स.पू. ५८६ च्या सुमारास बाबेलच्या सैन्याने जाळले. बाबेलच्या मुलखात खबार नदीकाठी निर्वासितांमध्ये राहणाऱ्या यहेज्केल या संदेष्ट्याने ‘केत्स’ हाच शब्द हातोड्यासारखा पुनःपुन्हा वापरला आहे: शेवट आला, देशाच्या चारही कोपऱ्यांवर शेवट आला. तरीही त्याच यहेज्केलाला पुढे वाळलेल्या हाडांवर मांस चढताना दिसते, आणि नव्या मंदिराच्या उंबरठ्याखालून निघून मृत समुद्राचे पाणी गोडे करणारी नदी दिसते.

टोळांचे प्रतीक जरा थांबून पाहण्यासारखे आहे. योएल या संदेष्ट्याच्या पुस्तकाचा काळ निश्चित नाही, पण त्याचा प्रसंग स्पष्ट आहे: टोळधाड आली आहे. टोळांसाठी तो चार निरनिराळे शब्द वापरतो, एकाने सोडलेले दुसरा खातो असे सांगतो, आणि अंजिराची साल सोलली जाऊन फांद्या पांढऱ्या पडल्याचे नेमके वर्णन करतो. हे पाहिलेल्या माणसाचे लेखन आहे. १९१५ साली पॅलेस्टाइनवर मोठी टोळधाड आली, तेव्हा यरुशलेमच्या परिसरातील झाडांची अवस्था पाहणाऱ्यांना योएलाचे शब्द तंतोतंत पटले होते. दुसऱ्या अध्यायात मात्र हे टोळ घोड्यांसारखे दिसू लागतात, रथांसारखा आवाज करतात, भिंती चढतात. कीटकांचे सैन्य होते आणि सैन्याआडून परमेश्वराचा दिवस डोकावतो. कित्येक शतकांनंतर प्रकटीकरणाच्या नवव्या अध्यायात हेच टोळ अथांग विवरातून बाहेर पडतात तेव्हा त्यांना माणसांचे चेहरे, सिंहाचे दात आणि विंचवाच्या नांग्या आलेल्या असतात, त्यांना गवताला व झाडांना हात लावण्याची मनाई असते, आणि त्यांचा अंमल पाच महिन्यांचा असतो. शेत खाणारा टोळ शेताला न शिवता माणसाला छळू लागतो, तेव्हा योएलाच्या गावातील आपत्ती पूर्णपणे प्रतीक झालेली असते.

या प्रवासातील निर्णायक वळण दानीएलाच्या पुस्तकात आहे. ख्रिस्ती क्रमात ते संदेष्ट्यांमध्ये असले तरी हिब्रू शास्त्रात त्याची जागा ‘केतुवीम’, म्हणजे लेखनग्रंथ, या तिसऱ्या विभागात आहे, आणि त्याचा बराचसा भाग अरामी भाषेत आहे. कथा बाबेलच्या दरबारात घडते. परंतु सिरियातून राज्य करणाऱ्या सिल्युकिड या ग्रीक घराण्यातील राजा चौथा अँटायोकस याने इ.स.पू. १६७ मध्ये यरुशलेमच्या मंदिरातील नित्य होमार्पण बंद करून तेथे परक्या देवाची वेदी उभारली, त्या संकटाची छाया पुस्तकाच्या उत्तरार्धावर इतकी स्पष्ट आहे की तो भाग त्याच काळात लिहिला गेला, असे आजचे बहुतेक अभ्यासक मानतात. तिसऱ्या शतकात पॉर्फिरी या तत्त्वज्ञानेही हेच म्हटले होते आणि जेरोम या ख्रिस्ती विद्वानाने आपल्या भाष्यात त्याचा प्रतिवाद केला होता. समुद्रातून निघणारे चार पशू, चौथ्याच्या डोक्यावरील लहान शिंग, पुराणपुरुषाचे सिंहासन, आणि मेघांसह येणारा ‘मानवपुत्रासारखा कोणी’ ही चित्रे या पुस्तकाची देणगी आहे. आमोसाचा ‘केत्स’ येथे ‘एत केत्स’, म्हणजे अंतसमय, होतो आणि त्याला आकडे चिकटतात: २३०० संध्याकाळ-सकाळ, १२९० दिवस, १३३५ दिवस. यिर्मयाने सांगितलेली बंदिवासाची सत्तर वर्षे दानीएलाच्या नवव्या अध्यायात सत्तर सप्तके होतात, म्हणजे जुन्या संदेष्ट्याचा ग्रंथ उघडून त्यातून आपल्या संकटाचा हिशेब करण्याची पद्धत बायबलच्या आतच सुरू झाली होती. छळ सोसणाऱ्या माणसाने ‘किती काळ?’ असे विचारणे आणि त्याला आकड्यात उत्तर मिळावेसे वाटणे यात मला काहीच अनैसर्गिक दिसत नाही. आकडा ज्याच्यासाठी लिहिला गेला तो निघून गेल्यावरही आकडा मागे उरला, इथे अडचण सुरू झाली.

मृत समुद्राकाठच्या कुमरान येथे १९४७ पासून सापडलेल्या गुंडाळ्यांमध्ये हबक्कूकाच्या पुस्तकावरचे एक भाष्य आहे. त्यात म्हटले आहे की शेवटल्या पिढीवर काय येणार ते देवाने हबक्कूकाला लिहायला सांगितले, पण काळाची पूर्णता त्याला कळवली नाही. मूळ वक्त्यालाही पूर्ण अर्थ ठाऊक नव्हता आणि तो आमच्या पिढीसाठी राखलेला आहे, ही भूमिका त्या समूहाची होती. आरंभीच्या ख्रिस्ती वाचकांची वाचनपद्धती याच मातीतली आहे.

मार्काच्या तेराव्या अध्यायात जैतुनाच्या डोंगरावर, मंदिरासमोर बसलेला येशू या सगळ्या शब्दसंपत्तीतून बोलतो. अंधारलेला सूर्य यशयाचा आहे, ओसाडी करणारी अमंगल वस्तू दानीएलाची आहे, मेघांत येणारा मनुष्याचा पुत्रही दानीएलाचाच आहे. इ.स. ७० मध्ये टायटसच्या रोमी सैन्याने मंदिर खरोखरच जाळले. पहिल्या मंदिराचा नाश बाबेलने केला होता म्हणून दुसऱ्याचा नाश करणारे रोम हेही ‘बाबेल’ झाले. ही सांकेतिक भाषा ख्रिस्ती प्रकटीकरणात आहे तशीच त्या काळच्या यहुदी ग्रंथांतही आहे.

दुसऱ्या शतकातील ख्रिस्ती लेखक आयरेनियस याच्या सांगण्यानुसार प्रकटीकरणाचा काळ रोमी सम्राट डोमिशियनच्या राजवटीची अखेर, म्हणजे इ.स. ९५ च्या आसपास, येतो. पात्म बेटावरच्या योहानाने लिहिलेल्या या पुस्तकात जुन्या करारातले ‘असे लिहिले आहे’ म्हणून दिलेले एकही थेट अवतरण नाही, आणि तरीही जवळपास प्रत्येक वचनात संदेष्ट्यांचा धागा आहे. दानीएलाचे सिंह, अस्वल, चित्ता आणि दहा शिंगांचा पशू हे चार वेगळे प्राणी तेराव्या अध्यायात एकाच पशूच्या अंगात येतात. जखऱ्याचे रंगीत घोडे सहाव्या अध्यायातले चार स्वार वाहतात. बाबेलसाठी शोक करणाऱ्या व्यापाऱ्यांच्या मालाची यादी यहेज्केलाने सोर नगराविषयी गायिलेल्या विलापाच्या वळणाची आहे. त्या पशूचा ६६६ हा आकडा ‘नीरो कैसर’ हे नाव हिब्रू अक्षरांत लिहून बेरीज केल्यास मिळतो, आणि काही जुन्या हस्तलिखितांतील ६१६ हा पाठभेदही त्याच नावाच्या लॅटिन रूपाने उलगडतो. योहान केवळ उसनवारी करत नाही, हे शेवटच्या दोन अध्यायांत दिसते. यहेज्केलाने नऊ अध्याय खर्चून मंदिराचे माप दिले. योहान नव्या यरुशलेमात मंदिर पाहिले नाही असे सांगतो. नदी मात्र तो ठेवतो, आणि तिच्या काठचे झाड दर महिन्याला फळ देते. ज्या परंपरेत पिकलेले फळ हे शेवटाचे चिन्ह होते, तिच्यात हंगाम कधीच न संपणारे हे झाड मला फार अर्थपूर्ण वाटते.

पुढचा इतिहास बराचसा हिशेबांचा आहे. प्रकटीकरणाच्या विसाव्या अध्यायातील ख्रिस्ताचे हजार वर्षांचे राज्य आयरेनियस आदींनी शब्दशः घेतले. पाचव्या शतकात ऑगस्टिन या धर्मपंडिताने ते ख्रिस्ती मंडळीच्या (चर्चच्या) चालू काळाचे रूपक मानले आणि पश्चिमेत तेच मत दीर्घकाळ टिकले. तरीही आकडे पुन्हापुन्हा उघडले गेले. अमेरिकेतील विल्यम मिलर यांनी दानीएलाच्या २३०० दिवसांची वर्षे करून ती इ.स.पू. ४५७ पासून मोजली, आणि त्या गणितातून अनुयायांनी ख्रिस्ताच्या पुनरागमनासाठी २२ ऑक्टोबर १८४४ ही तारीख धरली. तो दिवस इतर दिवसांसारखाच मावळला. यहुदी परंपरेत तर तालमूदाच्या सन्हेद्रिन या भागात ‘केत्स’ मोजणाऱ्यांना थेट शापच दिलेला आहे, कारण मोजलेली वेळ टळली की लोक म्हणू लागतात, मशीहा आता येणारच नाही.

मोजदादीपासून दूर असलेला एक धागा मराठी मुलखापर्यंत पोहोचला. टोळधाड सरल्यावर योएल सांगतो की देव सर्व मनुष्यमात्रावर आत्म्याचा वर्षाव करील आणि मुलगे व मुली संदेश देतील. पेन्टेकॉस्टच्या सणाच्या दिवशी येशूचा शिष्य पेत्र याने हेच वचन उच्चारले, आणि ‘त्यानंतर’ या योएलाच्या शब्दाच्या जागी ‘शेवटल्या दिवसांत’ असे म्हटले. १९०५ च्या जूनमध्ये केडगाव येथील पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये मुली आणि स्त्रिया यांच्यात जी धार्मिक जागृती झाली, तिच्यामागे वाचल्या जाणाऱ्या वचनांत हे अग्रभागी होते. मराठी बायबलमध्ये योएलाच्या दोन पावसांना ‘आगोटीचा’ आणि ‘वळवाचा’ असे शब्द आहेत. पॅलेस्टाइनमध्ये पहिला पाऊस शरदात पेरणीला येतो आणि दुसरा वसंतात कापणीपूर्वी. आपल्याकडे वळीव आधी आणि आगोट नंतर, म्हणून हे प्रतीक समजावून सांगताना मराठी उपदेशकाला क्रम उलटा लावून घ्यावा लागतो.

दुसरा धागा मलाखी या संदेष्ट्याचा. परमेश्वराचा मोठा व भयंकर दिवस येण्यापूर्वी एलीया संदेष्टा येईल, असे त्याचे अखेरचे शब्द आहेत. ख्रिस्ती क्रमात जुना करार येथेच संपतो, पान उलटले की मत्तय लागतो, आणि एलीयाची जागा बाप्तिस्मा करणारा योहान घेतो. हिब्रू शास्त्र मात्र इतिहासाच्या पुस्तकाने, यरुशलेमास परत जाण्याच्या पारसी सम्राट कोरेश याच्या परवानगीने संपते, आणि मलाखीचे अखेरचे वचन शापाचे असल्यामुळे यहुदी वाचक त्याच्या आधीचे एलीयाचे वचन पुन्हा वाचून मगच थांबतात. कोकणातील बेने इस्राएल समाजाने हाच एलीया ‘एलियाहू हनबी’ म्हणून जपला आहे. अलिबागजवळच्या खंडाळा गावी खडकावर त्याच्या रथाच्या खुणा उमटल्याचे मानले जाते, आणि लग्नकार्यात किंवा नवस फेडताना पोहे, ओले खोबरे आणि फळे यांचा मलिदा ताटात मांडून त्याचे नाव घेतले जाते.