हिमनिवारण, घरगुती फ्रीजमधील

हिमनिवारण, घरगुती फ्रीजमधील : फ्रीझरच्या थंड पत्र्यावर साचलेले हिम वितळवून काढणे आणि त्यासोबत फ्रीजची सफाई करणे. एका दाराच्या ‘डायरेक्ट कूल’ प्रकारात हे काम घरच्यांना करावे लागते. दोन दारांच्या ‘फ्रॉस्ट फ्री’ प्रकारात हिम यंत्रच काढते, सफाई मात्र तेथेही सुटत नाही. भारतीय मानकांनी हे दोन प्रकार वेगळे धरले होते; पहिल्यासाठी आयएस १४७६ व दुसऱ्यासाठी आयएस १५७५० ही मानके होती.

हिम साचण्याची कारणे : ०° से. खालील पृष्ठाला हवेतील बाष्प लागले की ते पाणी न होता थेट गोठते. हे बाष्प मुख्यतः दार उघडताना आत येते. ३०° से. तापमानाच्या संतृप्त (बाष्पाने पूर्ण भरलेल्या) हवेत दर घनमीटरला सु. ३० ग्रॅ. बाष्प असते, तर ५° से. ला जेमतेम ७ ग्रॅ. मुंबईत किंवा कोकणात पावसाळ्यात सापेक्ष आर्द्रता ८५ टक्क्यांच्या आसपास असताना १५० लिटर हवा पूर्ण बदलली, तर एका वेळी सु. ३ ग्रॅ. पाणी आत येते. प्रत्यक्षात दर वेळी सगळी हवा बदलत नाही, तसेच आलेल्या बाष्पापैकी काही खालच्या कप्प्यात भिंतींवर पाणी होऊन ओघळते. तरीही दिवसभरात वीस-पंचवीस वेळा दार उघडणाऱ्या घरात कोकणातला जुलै आणि विदर्भातला एप्रिल यांत हिमाचा फरक का पडतो, हे या आकड्यांवरून कळते. झाकण नसलेली पातळ भाजी, धुऊन तशाच ओल्या ठेवलेल्या पालेभाज्या आणि निवण्याआधी आत गेलेले दूध यांची भर वेगळी. दाराचे रबर सैल झाले असेल तर हिम विशेषतः दाराकडच्या बाजूला जाड होते.

हिमाचे औष्णिक परिणाम : ‘हिम साचले की फ्रीज वीज जास्त खातो’ हे विधान सर्वत्र आढळते, परंतु ते सरसकट खरे नाही. हिम म्हणजे बर्फ व हवा यांचे सच्छिद्र मिश्रण. त्याची घनता दर घनमीटरला सु. ५० ते ५०० किग्रॅ. इतकी बदलते आणि घनतेबरोबर उष्णता-संवाहकताही (उष्णता वाहून नेण्याची क्षमता) बदलते. घट्ट बर्फाची संवाहकता दर मीटर-केल्व्हिनला सु. २·२ वॉट, तर ताज्या भुसभुशीत हिमाची ०·१ ते ०·२ वॉट असते. ॲल्युमिनियमची २०० वॉटांहून अधिक असल्याने पत्रा स्वतः उष्णतेला जवळजवळ अडवत नाही.

एका मतानुसार हिमाचा अगदी पहिला थर उष्णता-विनिमयाला मदतच करतो, कारण त्यामुळे पृष्ठ खडबडीत होऊन क्षेत्रफळ वाढते. प्रयोगशाळेत असे दिसून आले आहे. मात्र ही वाढ अल्पकाळ टिकते. दुसऱ्या मताप्रमाणे हिमाचा थर आरंभापासूनच निव्वळ रोधक असतो. घरगुती फ्रीझरपुरते दुसरे मत व्यवहाराला अधिक जवळचे वाटते. पंखा नसलेल्या कप्प्यात हवेकडून पत्र्याकडे उष्णता जाण्याचा गुणांक दर चौरस मीटर-केल्व्हिनला ५ ते १० वॉट धरला आणि हिमाची संवाहकता ०·१५ घेतली, तर ६ मिमी. थरामुळे एकूण रोध साधारण २० ते ४० टक्क्यांनी वाढतो. थर जुना होऊन घट्ट झाला की हा परिणाम बराच कमी होतो, पण तोवर त्याने फ्रीझरमधली जागा व्यापलेली असते. हिम पाव इंच, म्हणजे सु. ६ मिमी. झाले की काढावे, हा प्रचलित नियम या हिशेबाशी जुळतो. महिन्यातून एकदा किंवा पंधरवड्याने अशा ठरीव मुदतींना तसा आधार नाही. थराची जाडी पाहावी, हे बरे.

इतिहास : शिकागोच्या फ्रेड वुल्फ यांचे ‘डोमेल्‌र’ (१९१३) हे घरगुती विद्युत् प्रशीतन यंत्रांतील आरंभीचे मानले जाते. बर्फपेटीवर (बर्फाची लादी ठेवून थंड राखायच्या कपाटावर) बसवायचा तो संच होता. जनरल इलेक्ट्रिकचा ‘मॉनिटर टॉप’ (१९२७) व त्यानंतरच्या यंत्रांमुळे फ्रीज अमेरिकी घरांत स्थिरावला आणि त्याबरोबर हिम काढण्याचे कामही आले. तेव्हाचा शीतक, म्हणजे ज्यावर हिम धरते तो यंत्राचा थंड भाग, कप्प्यात उघडाच लटकत असे. त्यामुळे यंत्र बंद करून वाट पाहणे एवढाच उपाय होता.

स्वयंचलित हिमनिवारण नेमके केव्हा सुरू झाले याबद्दल एकमत नाही. शीतगृहांत कॉम्प्रेसरमधला तप्त वायू शीतकात फिरवून हिम वितळवण्याची पद्धत घरगुती यंत्रांच्या आधीपासून रूढ होती. काही लेखक तेथूनच आरंभ मानतात. घरगुती यंत्रांत १९५० च्या सुमारास वेस्टिंगहाऊसच्या ‘फ्रॉस्ट-फ्री’ फ्रीजने दार किती वेळा उघडले ते मोजून ठरावीक संख्येनंतर शीतक तापवण्याची युक्ती आणली. दार उघडण्यावरच हिम अवलंबून असल्याने कल्पना तर्कशुद्ध होती, पण कोरड्या हवेत उघडलेले दार आणि पावसाळ्यात उघडलेले दार तिला सारखेच. फ्रीजची वीज रोज काही वेळ तोडणारी, सॉकेटमध्ये बसवायची घड्याळेही त्याच सुमाराला मिळू लागली होती. फ्रिजिडेअरसारख्या कंपन्यांनी १९५० च्या दशकात अन्य रीती वापरल्या. शीतक भिंतीआड लपवून पंख्याने थंड हवा फिरवण्याची आजची रचना मात्र त्या दशकाच्या अखेरीस रूढ होऊ लागली. या दोन गोष्टींची गल्लत झाल्याने सनावळीत घोळ दिसतो. हिम आपोआप वितळणे व हिम मुळात नजरेस न पडणे हे वेगवेगळे टप्पे मानणे अधिक सयुक्तिक आहे.

भारतात गोदरेज अँड बॉइसने १९५८ मध्ये फ्रीजचे उत्पादन सुरू केले. नंतर कित्येक दशके मध्यमवर्गीय घरांतील फ्रीज एकाच दाराचा होता व त्यातले हिम हातानेच काढले जाई. पुढे तापनियंत्रकाच्या गोल खुंटीच्या मध्यभागी दाबायचे बटण आले. ते दाबले की कॉम्प्रेसर थांबतो आणि पत्र्याचे तापमान शून्याच्या काही अंश वर गेले की आपोआप पुन्हा सुरू होतो.

पद्धती : फ्रीजमधील जिन्नस आधीच्या दोन-तीन दिवसांत संपवत आणतात. कढवण्यासाठी साठवलेली साय, मासे, मटार इत्यादी एका पिशवीत एकत्र गुंडाळून थंडाव्याच्या डब्यात किंवा शेजाऱ्यांच्या फ्रीझरमध्ये ठेवतात. नंतर प्लग काढून दार उघडे ठेवतात व फ्रीझरमध्ये गरम पाण्याचे पातेले ठेवतात. १ किग्रॅ. बर्फ वितळण्यास ३३४ किलोजूल उष्णता लागते. १ लि. पाणी ९०° वरून १०° से. पर्यंत निवताना जवळपास तेवढीच देते. पातेल्यातील बरीच उष्णता उघड्या दारातून निघून जाते, म्हणून पाणी दोनदा-तीनदा बदलावे लागते. पातेल्याखाली जाड फडके असावे. समोर टेबलफॅन लावल्यास वेळ वाचतो.

सुरी, उलथणे किंवा स्क्रूड्रायव्हर घालून बर्फ उचकटणे धोक्याचे असते. फ्रीझरचा पत्रा अखंड नसतो. ॲल्युमिनियमचे दोन पातळ पत्रे एकमेकांवर लाटून जोडतात आणि त्यांच्यामधील न जोडलेल्या वाटा दाबाने फुगवून थंडावा आणणाऱ्या वायूच्या नळ्या तयार करतात. या फुगवट्याला टोक लागले की गॅस जातो. अशा पत्र्याला टाका घालता येतो, पण तो टिकेलच असे नाही. बहुधा पत्राच बदलावा लागतो. पूर्वीचा आर-१२ वायू ओझोन थराला घातक असल्याने माँट्रियल करारान्वये (१९८७) हद्दपार झाला. त्याच्या जागी आलेला आर-१३४ए पेट घेत नाही. सध्या सर्रास वापरात असलेला आर-६००ए म्हणजे आयसोब्यूटेन. तो ज्वलनशील असून हवेत सु. १·८ टक्के मिसळल्यावर ठिणगीने पेटू शकतो. घरगुती फ्रीजमध्ये तो शंभर ग्रॅमपेक्षाही कमी असतो, तरी पत्रा फुटून सुस्कारा ऐकू आल्यास खिडक्या उघडाव्यात आणि जवळचे कोणतेही विजेचे बटण चालू-बंद करू नये. ट्रे चिकटू नये म्हणून पत्र्यावर मीठ भुरभुरण्याची काही घरांतील सवयही वाईट. मिठाच्या पाण्याने ॲल्युमिनियमला बारीक भोके पडतात.

फ्रॉस्ट फ्री यंत्रात शीतकालगत तापक असतो. टायमर कॉम्प्रेसरच्या दर ६ ते १२ तासांच्या चालण्यानंतर तो चालू करतो व द्विधातू पट्टी (तापमानानुसार वाकणारी दोन धातूंची पट्टी) ठरलेल्या तापमानाला बंद करते. नव्या यंत्रांत ही मुदत वापरानुसार बदलते. या चक्राची किंमत म्हणजे फिरत्या कोरड्या हवेमुळे उघडे पदार्थ सुकतात आणि तापमानाच्या चढउतारामुळे आइस्क्रीममध्ये खडे होतात.

स्वच्छता : नवरात्र-दिवाळीच्या आवराआवरीत फ्रीज धुण्याची रीत सर्वपरिचित आहे. लिटरभर कोमट पाण्यात दोन मोठे चमचे खाण्याचा सोडा घेऊन आतल्या भिंती पुसतात. काचेच्या फळ्या बाहेर काढून खोलीच्या तापमानाला येऊ द्याव्यात, मगच त्यांवर गरम पाणी घालावे. वाटीत सोडा ठेवला की वास जातो, ही समजूत अर्धीच खरी आहे. आम्लधर्मी वासांवर त्याचा थोडा उपयोग होतो, लसूण किंवा सुक्या मासळीच्या वासाला सक्रिय कोळसा अधिक परिणामकारक. रबराच्या घड्यांतील काळी बुरशी साबणाच्या पाण्याने व मऊ ब्रशने निघते.

थंडीने जंतू मरतात हा गैरसमज आहे. लिस्टेरिया मोनोसायटोजीन्स हा जीवाणू ४° से. ला सावकाश का होईना वाढतो आणि गोठवूनही टिकून राहतो. गर्भवती स्त्रिया व वृद्ध यांना त्याचा धोका अधिक. म्हणून सांडलेले दूध, मांसाचे पाणी तेव्हाच्या तेव्हा पुसणे वार्षिक सफाईपेक्षा महत्त्वाचे ठरते.

वितळलेले पाणी मागच्या बाजूच्या ट्रेमध्ये उतरते आणि कॉम्प्रेसरच्या उष्णतेने सुकते. पावसाळ्यात ते पुरते सुकत नाही व तेथे एडिस इजिप्ती डासाची पैदास होते. महाराष्ट्रातील महापालिकांच्या डेंग्यू-तपासणीत कुंड्यांखालच्या थाळ्यांबरोबर हा ट्रेही पाहिला जातो. उबदार हवेत अंड्यापासून डास होण्यास आठ-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एकदा तो रिकामा करणे पुरते. मात्र अंडी कडांना चिकटून कोरडेपणातही महिनोन्‌महिने तग धरतात. त्यामुळे नुसते पाणी ओतून भागत नाही, कडा घासाव्या लागतात. ट्रेकडे जाणारे भोक शेवाळ किंवा कोथिंबिरीच्या काड्यांनी तुंबल्यास पाणी भाजीच्या कप्प्यात साठते.

उष्णता बाहेर टाकणारी काळी जाळी मागे असलेल्या फ्रीजमध्ये तिच्यावरील धूळ मऊ झाडणीने काढतात. जाळी बाजूच्या पत्र्याआड लपवलेल्या यंत्रांत हे काम नसते. भिंतीपासून अंतर तेवढे राखावे लागते. घर दीर्घकाळ बंद राहणार असल्यास फ्रीज रिकामा करून, पुसून, कोरडा करून दार किलकिले ठेवतात.