मॅनिफोल्ड नेमका कुठं तडकतो?

बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका शेडमध्ये आम्ही टर्बोसाठी, म्हणजे एक्झॉस्टच्या जोरावर फिरून इंजिनात जादा हवा कोंबणाऱ्या पंख्यासाठी, हातानं केलेला पहिला एक्झॉस्ट मॅनिफोल्ड आठवडाभरात तडकला. मॅनिफोल्ड म्हणजे सगळ्या सिलिंडरांतला जळका वायू गोळा करणाऱ्या नळ्यांचा जोड. टिग वेल्डिंग उत्तम होतं. भेग वेल्डच्या अगदी कडेला, पहिल्या पोर्टजवळ (सिलिंडरमधून वायू बाहेर पडतो त्या तोंडाजवळ) गेलेली. मला वाटलं, दाब झेपला नाही. शेजारचे टर्नर काका त्या भेगेवरून नख फिरवत म्हणाले, "दाबानं नाही रे, तापून फुटलंय हे. पसरायला जागा कुठं ठेवलास?"

हिशेब करून बघितला. पेट्रोल इंजिनावर पूर्ण जोर असताना बाहेर पडणारा वायू ९०० अंश सेल्सिअसच्या आसपास जातो, नळ्या लालबुंद होतात. ३०४ जातीचं स्टेनलेस दर मीटरला, दर अंशाला साधारण ०.०१७ मिलिमीटर वाढतं. चार सिलिंडरचा मॅनिफोल्ड ४० सेंटिमीटर लांब धरला आणि नळी ७०० अंशांनी तापली, तर ती जवळपास ५ मिलिमीटर लांब व्हायला बघते. ज्यावर मॅनिफोल्ड बसतो ते इंजिनाचं ॲल्युमिनियमचं हेड मात्र आतल्या पाण्यामुळे १०० अंशांच्या आसपासच राहतं. ते जेमतेम पाऊण मिलिमीटर वाढतं. दोन्ही बोल्टांनी घट्ट जखडलेली. मग तापून मऊ झालेली नळी जागच्या जागी चेपली जाते. गार झाली की मूळ मापापेक्षा आखूड होऊ पाहते आणि बोल्ट तिला ताणून धरतात. गाडी प्रत्येक वेळी तापली-निवली की हेच. तार पुन्हापुन्हा वाकवून तोडतो तसंच हे, फक्त सावकाश.

कंपन्या मॅनिफोल्ड बऱ्याचदा बिडाचा ओततात. साधं करडं बीड इतकं तापलं की आतली रचनाच बदलते, ते कायमचं फुगतं. म्हणून गोलाकार ग्राफाइटच्या बिडात सिलिकॉन आणि मॉलिब्डेनम वाढवतात: सिलिकॉनमुळे पृष्ठभागावर गंजरोधक थर धरतो, मॉलिब्डेनममुळे तापल्यावरही ताकद टिकते. बेळगावात फाउंड्र्यांची वाण नाही, पण एका नगासाठी पॅटर्न (साच्यासाठीचा नमुना) करणं आम्हाला परवडणारं नव्हतं.

दुसऱ्या वेळी फ्लँज (नळ्या हेडला जोडणारी सपाट पट्टी) २० मिलिमीटर जाडीच्या प्लेटवर बोल्टनं आवळूनच वेल्ड केली, नाहीतर ती केळ्यासारखी वाकते. पूर्ण निवल्यावर तोंड सपाट केलं आणि मग पोर्टांच्या मधून करवत घातली. हे तुकडे करणं जिवावर आलं होतं, पण तेच गरजेचं होतं. बोल्टची मधली भोकं नेमक्या मापाची ठेवली, टोकांची लांबट केली, म्हणजे तापल्यावर तुकड्यांना सरकायला जागा राहील. टर्बोचं वजन नळ्यांवर लोंबू नये म्हणून ब्लॉकवरून ब्रॅकेट दिला. इंजिन मात्र चाचणीच्या स्टँडवरच ठेवलं. रस्त्यावरच्या गाडीत कंपनीनं दिलेल्या रचनेत असा बदल करायला मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आड येतं.

महिन्याभरानं खोललं. वेल्डच्या कडेला भेग नव्हती. टोकाच्या बोल्टच्या वॉशरखाली मात्र फ्लँज मागंपुढं सरकून घासलेली, चकचकीत पट्टी उमटली होती. काकांनी व्हर्निअर लावला: पावणेदोन मिलिमीटर.