सक्तीची इंटरनेट जोडणी (व्हिडिओ गेम कन्सोल)

विकत घेतलेला गेम घरी एकट्याने खेळायचा असला, तरी कन्सोलने (टीव्हीला जोडून गेम खेळायच्या यंत्राने) ठरावीक काळाने कंपनीच्या सर्व्हरशी, म्हणजे तिच्या मध्यवर्ती संगणकाशी, संपर्क साधलाच पाहिजे, अशी उत्पादकाने घातलेली अट. संपर्क झाला नाही, तर डिस्क हातात असूनही गेम सुरू होत नाही. चार जणांनी चार शहरांतून मिळून खेळायच्या गेमला इंटरनेट लागणारच. त्यावर कोणाची हरकत नाही. वाद आहे तो ज्या खेळाला जोडणीची मुळात गरज नाही, त्यावरही ती लादण्याचा. २०१३ साली मायक्रोसॉफ्टच्या ‘एक्सबॉक्स वन’ या कन्सोलच्या निमित्ताने तो जगभर पेटला.

संगणकावर खेळणाऱ्यांना या अटीची ओळख आधीच झाली होती. मे २०१२ मध्ये ‘डायब्लो ३’ बाजारात आला, तेव्हा एकट्याने खेळू पाहणाऱ्यांनाही सर्व्हरच्या गर्दीमुळे पडद्यावर ‘एरर ३७’ एवढेच दिसले. मार्च २०१३ मध्ये ‘सिमसिटी’ची तीच गत झाली. शहर वसवण्याच्या या गेमची बरीच आकडेमोड सर्व्हरवर होते, म्हणून जोडणी लागते, असे निर्मात्यांचे म्हणणे होते. काही दिवसांतच हौशी प्रोग्रॅमरांनी तो जोडणीविना चालवून दाखवला आणि वर्षभराने कंपनीने स्वतःच ऑफलाइन सोय दिली. कन्सोल मात्र तोवर या जाचातून बहुतांशी मुक्त होता. डिस्क घाला आणि खेळा, इतका साधा त्याचा व्यवहार होता.

‘सिमसिटी’चा गोंधळ ताजा असतानाच, एप्रिलमध्ये मायक्रोसॉफ्टच्या एका क्रिएटिव्ह डायरेक्टरने ट्विटरवर सुनावले, की आता सगळीच उपकरणे सतत जोडलेली असतात, तेव्हा जमवून घ्या. कंपनीने माफी मागितली, त्या गृहस्थांनी नोकरी सोडली. पण नवा एक्सबॉक्स सतत जोडणी मागणार, ही जी कुजबुज चालू होती ती खरी असावी, हा संशय पक्का झाला. २१ मे रोजी कन्सोल जाहीर झाला आणि ६ जूनला नियम प्रसिद्ध झाले. स्वतःच्या कन्सोलने २४ तासांतून एकदा सर्व्हरला हजेरी द्यायची. दुसऱ्याच्या कन्सोलवर आपल्या खात्यातून खेळत असाल तर दर तासाला. हजेरी चुकली की गेम बंद. टीव्ही आणि चित्रपटांच्या डिस्क मात्र चालू राहणार होत्या. वापरलेला गेम विकायचा तर कंपनीने ठरवलेल्या दुकानांतच, तोही प्रकाशकाची परवानगी असेल तर. मित्राला द्यायचा तर तो तुमच्या मित्रयादीत किमान ३० दिवस असला पाहिजे, आणि एक गेम एकदाच देता येणार. तात्पुरता उसना देण्याची सोय सुरुवातीला नव्हतीच.

या नियमांमागे एक सुसंगत विचार होता, हे टीकाकारांनी फारसे लक्षात घेतले नाही. डिस्कवरचा गेम एकदा कन्सोलमध्ये उतरवला, की पुन्हा डिस्क घालावी लागणार नव्हती. कुठल्याही कन्सोलवर खाते उघडा, तुमचे सगळे गेम तिथे हजर. घरातल्या दहा जणांपर्यंत ते वाटून घेण्याचीही मुभा होती. पण डिस्क लागतच नसेल, तर गेम उतरवून घेऊन ती विकून टाकायला किती वेळ लागणार? तेव्हा गेम अजून याच खात्याच्या नावे आहे का, हे कन्सोलने सर्व्हरला विचारत राहणे त्या रचनेत भागच होते. प्रकाशकांचा स्वार्थही त्यात होता. अमेरिकेत ‘गेमस्टॉप’सारख्या दुकानांत एकच डिस्क अनेकदा विकली जाई आणि पहिल्या विक्रीनंतर प्रकाशकाला त्यातून काहीच मिळत नसे.

पण हा व्यवहार ग्राहकाचा जुना हक्क आहे. १९०८ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एका कादंबरीच्या खटल्यात निकाल दिला, की एकदा प्रत विकल्यावर ती पुढे किती किमतीला विकावी हे प्रकाशक ठरवू शकत नाही. पुस्तकाबाबत शतकभर निर्विवाद असलेली ही गोष्ट डिस्कबाबत सर्व्हरच्या आधाराने गुपचूप काढून घेतली जात होती. माझ्या मते या वादाचे मर्म इथेच आहे. इंटरनेट स्वस्त आणि वेगवान झाले म्हणून हा आक्षेप मिटत नाही.

वेगाचा प्रश्नही खराच होता. मायक्रोसॉफ्टने दीड एमबीपीएस वेगाची शिफारस केली होती. त्या वेळी भारतात सरकारी व्याख्येनुसार २५६ केबीपीएस म्हणजे ब्रॉडबँड होते. रोजची हजेरी तेवढ्यावरही लागली असती, पण महिन्याला मोजून मिळणाऱ्या डेटात बड्या गेमचे अपडेट उतरवायचे कसे? शिवाय ज्या २१ देशांत ही व्यवस्था सुरू होणार होती, त्यांत भारत नव्हता. त्यामुळे अमेरिकेतल्या मामाने किंवा काकाने आणलेला कन्सोल पुण्यात-नागपुरात चालेल याची हमी नव्हती. यादीत जपान नव्हता, आणि पोलंडही नव्हता. मायक्रोसॉफ्टच्याच मंचावर ज्याची झलक दाखवली गेली, तो ‘द विचर ३’ हा गेम पोलंडमध्ये बनत होता. आपल्याकडची झळ वेगळीही होती. नवा गेम तीन-चार हजारांचा. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारातून वापरलेली डिस्क घ्यायची, संपवायची आणि बदलून दुसरी आणायची, यावरच कित्येक मुलांची हौस भागत होती.

१० जून २०१३ रोजी लॉस एंजेलिसच्या ‘ई३’ या व्हिडिओ गेम प्रदर्शनात प्रतिस्पर्धी सोनीच्या जॅक ट्रेटन यांनी सांगितले, की त्यांच्या नव्या ‘प्लेस्टेशन ४’ कन्सोलवर वापरलेल्या डिस्क चालतील आणि जोडणीची सक्ती नसेल. सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला. किंमतही एक्सबॉक्सच्या ४९९ डॉलरसमोर ३९९ होती. गेम मित्राला कसा द्यावा, हे शिकवणारी छोटी चित्रफीतही सोनीने काढली: एकाने डिस्क पुढे केली, दुसऱ्याने घेतली, धडा संपला. याच दिवसांत मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स विभागाचे प्रमुख डॉन मॅट्रिक एका मुलाखतीत म्हणाले, की ज्यांच्याकडे इंटरनेट नाही त्यांच्यासाठी आमचा जुना ‘एक्सबॉक्स ३६०’ आहेच. समुद्रावर आणि परदेशी तळांवर असलेल्या अमेरिकी सैनिकांना हे फार लागले. १९ जूनला कंपनीने हजेरीची अट आणि पुनर्विक्रीवरची बंधने मागे घेतली. त्यासोबत घरात गेम वाटून घेण्याची योजनाही गेली. काहींना त्याची हळहळ वाटली, ती अगदीच गैर नव्हती. सुरुवातीला एकदा इंटरनेट जोडून अपडेट घेण्याची अट तेवढी राहिली. भारतात ‘प्लेस्टेशन ४’ जानेवारी २०१४ मध्ये आला, ‘एक्सबॉक्स वन’ सप्टेंबरमध्ये.

माघारीनंतर सक्ती संपली असे मानणे चुकीचे ठरेल. ती इतर वाटांनी आत आली. टाळ्या घेणाऱ्या ‘प्लेस्टेशन ४’मध्येही आतल्या घड्याळाची छोटी बॅटरी संपली आणि सोनीच्या सर्व्हरशी संपर्क नसला, तर डिस्कवरचे गेमही चालत नसत. खेळाडूंनी हा दोष उजेडात आणल्यावर सप्टेंबर २०२१ च्या अपडेटमध्ये तो दूर झाला. ‘प्लेस्टेशन ५’च्या २०२३ मधल्या नव्या आवृत्तीची सुटी डिस्क ड्राइव्ह (डिस्क वाचणारा भाग) पहिल्यांदा जोडताना इंटरनेट लागते. उद्या सोनीने ते सर्व्हर बंद केले, तर नव्याने घेतलेल्या ड्राइव्हचे काय, या प्रश्नाने संग्राहक अस्वस्थ आहेत. उलट दिशेचे उदाहरणही आहे: २०२२ मध्ये मायक्रोसॉफ्टने ‘एक्सबॉक्स सिरीज एक्स’वर जुन्या डिस्कसाठी लागणारी ऑनलाइन तपासणी काढून टाकली.

सर्वांत कठोर अनुभव ‘द क्रू’ या मोटारशर्यतीच्या गेमने दिला. २०१४ चा हा गेम एकट्याने खेळतानाही सर्व्हरवर अवलंबून होता. ३१ मार्च २०२४ रोजी त्याची प्रकाशक कंपनी युबिसॉफ्टने सर्व्हर बंद केले आणि डिस्क विकत घेतलेल्यांचाही गेम कायमचा थांबला. त्यातून ‘स्टॉप किलिंग गेम्स’ ही मोहीम उभी राहिली. विकलेले गेम नंतरही खेळता येतील अशा स्थितीत ठेवावेत, या युरोपीय संघाकडे केलेल्या तिच्या मागणीवर २०२५ मध्ये दहा लाखांहून अधिक सह्या झाल्या. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून लागू झालेल्या कायद्याने डिजिटल वस्तू विकताना ग्राहकाला मालकी मिळत नसून फक्त परवाना मिळतो, हे स्पष्ट सांगणे विक्रेत्यावर बंधनकारक केले आहे. सर्व्हर बंद झाल्यावरही गेम चालता ठेवण्याचे बंधन मात्र तो कोणावरही घालत नाही.