‘लोक कमी लेखतील’ आणि ‘मी कमी लेखेन’

मानसिक आजाराच्या कलंकाविषयी महाविद्यालयीन विद्यार्थ्यांशी बोलताना दोन निराळ्या गोष्टी सर्रास एकाच नावाखाली येतात. उपचार घेतलेल्या माणसाला बहुतेक लोक कमी लेखतात, असे वाटणे ही एक. अशा माणसाला मी स्वतः कमी लेखेन, ही दुसरी. पहिली म्हणजे इतरांविषयीचा अंदाज, तर दुसरी स्वतःचे मत.

डॅनियल आयझेनबर्ग आणि सहकाऱ्यांनी 2009 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अमेरिकेतील 13 विद्यापीठांच्या 5,555 विद्यार्थ्यांकडून दोन्हींची उत्तरे घेतली होती. लोक कमी लेखतात असे मानणारे पुष्कळ निघाले; स्वतः तसे करू म्हणणारे त्या मानाने फारच थोडे. स्वतःचे कठोर मत कागदावर उतरवताना माणूस जरा सौम्य होतो हे धरले, तरी आपण शेजारच्या बाकावरच्या मुलाला तो आहे त्याहून निष्ठुर समजतो, असाच याचा अर्थ मला दिसतो. मदत घेण्याचे प्रमाण मात्र दुसऱ्या गोष्टीशी निगडित होते: ज्यांचे स्वतःचे मत कठोर, ते उपचारांकडे कमी वळलेले होते, तर लोकांविषयीच्या अंदाजाचा तसा ठळक संबंध आढळला नाही. हे स्वतःचे कठोर मत आशियाई, परदेशातून आलेल्या आणि अधिक धार्मिक विद्यार्थ्यांमध्ये जास्त होते; मुलग्यांमध्ये आणि गरीब घरांतून आलेल्यांमध्येही.

तरीही एखाद्या संस्कृतीतले मौन पाहून तिथे तिरस्कारच असेल, असे धरून चालणे मला चुकीचे वाटते. जिथे आजाराचा ठपका सगळ्या घराण्यावर येतो, तिथला विद्यार्थी समुपदेशकासमोर बसून ‘झोप लागत नाही, डोके जड असते’ एवढेच सांगतो. चीनमधील हुनान येथे अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञ आर्थर क्लाइनमन यांनी ‘मज्जातंतूंची दुर्बलता’ (थकवा, डोकेदुखी, झोप न लागणे अशा तक्रारींना दिले जाणारे नाव) असे निदान झालेले 100 रुग्ण तपासले, तेव्हा त्यांपैकी 87 जणांना नैराश्याचे निकष लागू पडले. शरीराच्या तक्रारीतून त्यांना चारचौघांत मान राखून मदत मागता येत होती.

म्हणून समुपदेशन कक्षाच्या दारातून परत फिरलेल्या दोन मुलांना एकच उपाय पुरत नाही. आपल्याला कोणी पाहील या धास्तीने जो परतला, त्याला आधी गुप्ततेची खात्री हवी असते. उपचार घेणे हा दुबळेपणा, असे ज्याला मनातून वाटते, त्याला ती खात्री देऊनही तो येत नाही. उपचार घेऊन शिक्षण पुरे केलेला एखादा सीनियर त्याच्याशी स्वतः बोलला, तर कदाचित येतो.