अमेरिकेत क्लिनिकल नर्स स्पेशालिस्ट व्हायचे असेल तर : पात्रता, कागदपत्रे आणि अर्ज कुठे अडतो

अमेरिकेतील पदव्युत्तर नर्सिंग प्रवेशासाठी आपल्याकडून जाणारे अर्ज मी गेली काही वर्षे तपासून देत आले आहे. गुण कमी पडले म्हणून परत आलेला अर्ज त्यांत क्वचितच असतो. बहुतेक अर्ज परत येतात ते न पोहोचलेल्या एखाद्या कागदामुळे, नावातल्या फरकामुळे किंवा मुळात चुकीचा अभ्यासक्रम निवडल्यामुळे, आणि यांतले काहीही अर्जदाराला फॉर्म भरताना दिसत नाही.

प्रथम पद नीट समजून घ्यावे. अमेरिकेत प्रगत परवान्याच्या परिचारिकांचे चार प्रकार आहेत: नर्स प्रॅक्टिशनर, नर्स मिडवाइफ, नर्स ॲनेस्थेटिस्ट आणि क्लिनिकल नर्स स्पेशालिस्ट. नर्स प्रॅक्टिशनरचे काम मुख्यत्वे एकेका रुग्णाची तपासणी, निदान आणि उपचार यांभोवती फिरते, तर क्लिनिकल नर्स स्पेशालिस्टकडून रुग्ण, परिचारिका आणि संस्था या तिन्ही पातळ्यांवर काम अपेक्षित असते. अतिदक्षता विभागात बेडसोअरचे प्रमाण का वाढले याचा शोध घेणे, शुश्रूषेची पद्धत बदलणे आणि ती बदललेली पद्धत रात्रपाळीलाही पाळली जाते ना हे पाहणे, हे तिचे काम आहे. हेतुपत्रात (स्टेटमेंट ऑफ पर्पजमध्ये) ‘मला स्वतंत्रपणे रुग्ण तपासायचे आहेत’ एवढेच लिहिले, तर निवड समितीला वाटते की या उमेदवाराने दुसऱ्याच अभ्यासक्रमासाठी अर्ज करायला हवा होता. असे हेतुपत्र मला दर हंगामात वाचायला मिळते.

आता निवडीचा प्रश्न. २००८ साली ठरलेल्या राष्ट्रीय चौकटीनुसार या प्रशिक्षणासाठी सहा लोकसमूह मानले जातात: सर्व वयोगटांतील व्यक्ती व कुटुंबे, प्रौढ व वृद्ध, बालके, नवजात अर्भके, स्त्री-आरोग्य आणि मानसिक आरोग्य. पदवीनंतर राष्ट्रीय प्रमाणन परीक्षा द्यावी लागते आणि बहुतेक राज्ये ती उत्तीर्ण झाल्याशिवाय या पदाचा परवाना देत नाहीत. मात्र क्लिनिकल नर्स स्पेशालिस्टसाठी ही परीक्षा आज नव्या उमेदवारांना फक्त प्रौढ-वृद्ध, बालके आणि नवजात अर्भके या तीनच समूहांत देता येते. मानसिक आरोग्याचे जुने प्रमाणपत्र असलेल्यांना केवळ नूतनीकरण करता येते, आणि स्त्री-आरोग्यासाठी तर अशी परीक्षाच नाही. काही राज्यांत पर्यायी मार्ग आहेत, परंतु परदेशातून येणाऱ्याने त्यांच्या भरवशावर दोन-तीन वर्षे आणि एवढा पैसा घालू नये. आपल्याकडे मानसोपचार विभागात दहा वर्षे काढलेल्या परिचारिकेला हे सांगणे जिवावर येते, पण तिच्यासाठी मानसिक आरोग्यातील नर्स प्रॅक्टिशनरचा मार्गच अधिक सुरक्षित आहे.

दुसरा गैरसमज एम.एस्सी. नर्सिंग झालेल्यांचा. त्यांच्या गुणपत्रिकेवर ‘क्लिनिकल स्पेशालिटी’ हे शब्द स्पष्ट छापलेले असतात, त्यामुळे आपण आधीच स्पेशालिस्ट आहोत आणि केवळ परीक्षा द्यायची बाकी आहे असे त्यांना वाटते. परीक्षा घेणाऱ्या संस्था मात्र अमेरिकेत अधिस्वीकृती (ॲक्रेडिटेशन) मिळालेल्या अभ्यासक्रमाचीच पदवी मागतात. त्या पदवीत प्रगत शरीरविकृतिशास्त्र (पॅथोफिजिऑलॉजी), प्रगत आरोग्य-तपासणी आणि प्रगत औषधशास्त्र असे तीन स्वतंत्र विषय आणि देखरेखीखालील किमान ५०० तासांचे प्रात्यक्षिक असावे लागते. म्हणून विद्यापीठ निवडताना त्या अभ्यासक्रमाला सीसीएनई किंवा एसीईएन यांसारख्या संस्थेची अधिस्वीकृती आहे का, हे अर्ज-शुल्क भरण्यापूर्वी पाहावे. भारतीय एम.एस्सी. वाया जात नाही, तिच्यामुळे एखाद्या विषयाची सूट मिळू शकते. ती द्यायची की नाही हे विद्यापीठ ठरवते.

मूलभूत पात्रता थोडक्यात अशी: नर्सिंगची पदवी, अमेरिकेतील नोंदणीकृत परिचारिकेचा परवाना, साधारण एक-दोन वर्षांचा अनुभव, शिफारसपत्रे, हेतुपत्र आणि इंग्रजीची परीक्षा. जीआरई ही पदव्युत्तर प्रवेशाची सामान्य परीक्षा आता अनेक ठिकाणी लागत नाही. केवळ जीएनएम (जनरल नर्सिंग अँड मिडवाइफरी) पदविका असलेल्यांना बहुतांश ठिकाणी थेट प्रवेश मिळत नाही. पोस्ट बेसिक बी.एस्सी. झालेल्यांनी आपली पदवी मान्य होते का, हे संबंधित विद्यापीठाकडून लेखी विचारून घ्यावे.

या यादीतला परवाना हा शब्द वाचायला सोपा आहे, पण बहुतेकांची गाडी तिथेच अडते. परवान्यासाठी एनक्लेक्स-आरएन ही परीक्षा द्यावी लागते. परीक्षेला बसण्याची परवानगी एखाद्या राज्याचे नर्सिंग बोर्ड देते, आणि परवाना त्या राज्यापुरताच असतो. प्रात्यक्षिक ज्या राज्यात करायचे आहे तिथला परवाना विद्यापीठ मागते. एखाद्या राज्यातून परीक्षा लवकर देता येते असे ऐकून तिथे अर्ज केला आणि प्रवेश मात्र दुसऱ्या राज्यात मिळाला, तर परवाना तिकडे वळवून घेण्यात आणखी काही महिने जातात. अनेक राज्यांत चालणारा सामाईक परवाना आहे खरा, पण त्यासाठी त्या गटातील राज्यात मुख्य वास्तव्य आणि सोशल सिक्युरिटी नंबर (तिथला सरकारी ओळख-क्रमांक) लागतो. तो नंबर विद्यार्थी व्हिसावरील व्यक्तीला तिथे जाऊन अधिकृत काम मिळाल्याशिवाय मिळत नाही. काही राज्ये या नंबराविना साधा परवानाही देत नाहीत. म्हणजे प्रवेशासाठी परवाना, परवान्यासाठी नंबर आणि नंबरासाठी प्रवेश, अशी ही फिरकी आहे. ज्यांनी हे नियम केले त्यांच्यापैकी कोणी हा अर्ज एकदा तरी स्वतः भरून पाहिला असेल का, अशी शंका मला नेहमी येते. उपाय एकच: राज्य निवडण्यापूर्वी त्या बोर्डाला ‘हा नंबर नसताना परवाना देता का’ एवढा प्रश्न ई-मेलने विचारावा आणि उत्तर जपून ठेवावे.

शिक्षणाच्या मूल्यांकनासाठी अनेक बोर्डे सीजीएफएनएस या संस्थेचा अहवाल मागतात. तिचे नाव आता ट्रूमेरिट झाले आहे. या संस्थेच्या सेवा अनेक आहेत आणि नावे एकमेकांसारखी वाटतात. व्हिसास्क्रीन हे तिचे प्रमाणपत्र नोकरीच्या किंवा कायम वास्तव्याच्या व्हिसासाठी लागते, विद्यार्थी व्हिसासाठी नाही. मैत्रिणीने केले म्हणून तेच शुल्क भरून बसलेल्या तिघी-चौघी माझ्या पाहण्यात आहेत. बोर्डाच्या सूचनेत ज्या अहवालाचे नाव आहे तोच आणि तेवढाच मागवावा.

मूल्यांकनासाठी शैक्षणिक तपशील महाविद्यालयाकडून किंवा विद्यापीठाकडून, आणि नोंदणीची पडताळणी महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडून, थेट त्या संस्थेकडे जावी लागते. अर्जदाराच्या हातून गेलेला कागद, मग तो कितीही शिक्के मारलेला असो, ग्राह्य धरला जात नाही. शैक्षणिक तपशील म्हणजे गुणपत्रिकांच्या झेरॉक्स नव्हेत, तर विषयवार शिकवणीचे आणि प्रात्यक्षिकाचे तास दाखवणारे पत्रक. एका अर्जदार मुलीच्या महाविद्यालयाने बालरोग आणि मानसोपचार यांचे प्रात्यक्षिक तास एकत्र बेरीज करून लिहिले. तास पुरेसे होते, तरी विषयवार फोड नाही म्हणून बोर्डाने प्रकरण थांबवले आणि दुरुस्त पत्रक निघेपर्यंत प्रवेशाचे ते सत्र गेले. लिफाफा बंद होण्यापूर्वी कार्यालयात बसून पत्रक वाचू द्या अशी विनंती करायला संकोच करू नये. नोंदणीचे नूतनीकरण राहिले असेल तर ते सर्वांत आधी करावे.

नावाचा घोळ तर आपल्याकडचा खासच. समजा, गुणपत्रिकेवर ‘जाधव सुनीता मारुती’ आहे, लग्नानंतर कौन्सिलच्या दाखल्यावर ‘मोरे सुनीता संजय’ झाले आणि पासपोर्टवर नावाच्या रकान्यात ‘सुनीता संजय’, आडनावात ‘मोरे’ आहे. आपल्याला ही एकच बाई आहे हे लगेच कळते. तिकडच्या संगणकाला दोन बायका दिसतात, कधी तीन. परीक्षेच्या केंद्रावर तर नोंदणीतील नाव आणि पासपोर्टवरील नाव जुळले नाही म्हणून परत पाठवतात आणि शुल्कही बुडते. त्यामुळे सर्व अर्ज पासपोर्टवरील नावानेच भरावेत, ‘पूर्वीचे नाव’ हा रकाना कधीही रिकामा सोडू नये, आणि विवाह नोंदणी प्रमाणपत्र किंवा राजपत्रातील नावबदलाची प्रत प्रत्येक अर्जासोबत जोडावी.

नोकरी सांभाळून करता येतील असे कित्येक अभ्यासक्रम ऑनलाइन आहेत. जाहिरात वाचून पुष्कळजण हुरळतात, पण एफ-१ म्हणजे विद्यार्थी व्हिसावरील विद्यार्थ्याच्या पूर्णवेळ अभ्यासक्रमात एका सत्रात ऑनलाइन विषय एकच धरला जातो. पूर्ण ऑनलाइन अभ्यासक्रमासाठी विद्यापीठ आय-२० हे व्हिसासाठी लागणारे पत्र देत नाही, आणि त्याविना विद्यार्थी व्हिसा नाही. जे आधीपासून तिथे दुसऱ्या व्हिसावर किंवा ग्रीन कार्डवर राहतात, त्यांना हे अभ्यासक्रम सोयीचे आहेत. त्यांनी मात्र आपल्या राज्यातील विद्यार्थ्यांना ते विद्यापीठ प्रवेश देते का, आणि प्रात्यक्षिकासाठी मार्गदर्शक कोण शोधणार, हे विचारून घ्यावे. अनेक ठिकाणी ही जबाबदारी विद्यार्थ्यावरच असते, आणि या पदावरील अनुभवी व्यक्ती मुळातच थोड्या आहेत.

राहिली मुदत. अनेक विद्यापीठे नर्सिंगकॅस या सामाईक पोर्टलवर अर्ज घेतात. तिथे छापलेली तारीख अर्ज पाठवण्याची आहे की पडताळणी पूर्ण होण्याची, हे प्रत्येक विद्यापीठाचे वेगळे असते. पडताळणी सर्व गुणपत्रके पोहोचल्यावरच सुरू होते, त्यामुळे शेवटच्या दिवशी ‘सबमिट’ दाबून निश्चिंत झालेल्याचा अर्ज प्रत्यक्षात अपूर्णच राहतो. परदेशी अर्जदारांची तारीख पुष्कळदा स्थानिकांपेक्षा आधीची असते आणि ती वेगळ्या पानावर दिलेली असते. टोफेल किंवा आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षांचे गुण दोन वर्षेच ग्राह्य असतात. परवान्याच्या खटपटीत वर्ष-दीड वर्ष सहज जाते, म्हणून ती परीक्षा उत्साहाच्या भरात सर्वांत आधी देऊन टाकू नये, मूल्यांकनाचा अहवाल हातात आल्यावर द्यावी.