सकाळी कात्री धरवत नाही, दुपारी धरवते

तासगाव भागात द्राक्षांची ऑक्टोबर छाटणी झाली की महिना-दीड महिन्यानं विरळणी चालू होते, थंडीत बायका घडातले जास्तीचे मणी बारक्या कात्रीनं काढत असतात, आणि आमची वहिनी या कामात एकदम पटाईत. तर दोन हंगामांपूर्वी ती म्हणायला लागली की सकाळी कात्री बोटात धरवतच नाही, अंगठी निघत नाही, चहाचा कप दोन्ही हातांनी धरावा लागतो, आणि अकरा वाजले की तीच बोटं बऱ्यापैकी चालायला लागतात. घरच्यांचा निकाल ठरलेला, वात आहे. आईनं वर जोडलं, बाळंतपणात शेक नीट घेतला नाहीस ना, भोग आता.

आता वात हा शब्द म्हणजे पोतं आहे, काहीही भरा. गुडघे झिजले वात, टाच दुखली वात, युरिक ॲसिड वाढलं वात. पण झिजेचं दुखणं आणि वहिनीचं दुखणं ही दोन वेगळी जातकुळी. झिजलेला गुडघा वापरला की दुखतो आणि बसलं की बरा वाटतो, संध्याकाळी जास्त, सकाळी आखडला तरी थोड्या वेळात मोकळा होतो. वहिनीचं बरोबर उलटं, रात्रभर आराम केला की वाईट, काम केलं की बरं, आणि आखडलेलं सुटायला तास-तास लागतो. म्हणून "कुठं दुखतं" यापेक्षा "सकाळी हात मोकळे व्हायला किती वेळ लागतो" हे विचारणं जास्त कामाचं.

असं का, तर वहिनीला निघाला तो ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस, आणि त्यात कुंपणच शेत खातं. जी प्रतिकारशक्ती बाहेरच्या जंतूंना मारायची तीच सांध्याच्या आतल्या पातळ अस्तरावर तुटून पडते, ते अस्तर सुजून जाड होतं आणि हळूहळू शेजारची कूर्चा आणि हाड पोखरायला लागतं. सूज वाढवणारी रसायनं पहाटे जोरात असतात, शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड मात्र रात्री कमी असतं, शिवाय झोपेत हालचाल नाही म्हणून सुजेचं पाणी सांध्यात साचून राहतं, म्हणून पहाट बेकार. आणि हे बहुतेक वेळा दोन्ही हातांना एकदम धरतं, बोटांची मधली पेरं, मुठीची हाडं, मनगट, पायाच्या चवड्याचे सांधे. नखाजवळचं शेवटचं पेर सहसा सुटतं. घरी बघायचं असेल तर कुणी हस्तांदोलन करताना मुठीची हाडं दोन्ही बाजूंनी जरा दाबली आणि माणूस कळवळला तर ते साधं समजू नका.

आईचं बाळंतपणाचं बोलणं मला आधी खुळचट वाटलेलं, पण त्यात निम्मं खरं निघालं. या आजारात गरोदरपणी बऱ्याच बायकांचं दुखणं कमी होतं आणि बाळंत झाल्यावर उसळतं, काहींना तर पहिल्यांदा तेव्हाच सुरू होतं. शेकाचा संबंध नाही, प्रतिकारशक्तीच त्या काळात बदलते. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या फिलिप हेंच या डॉक्टरनं १९२९ पासून हेच टिपून ठेवलं होतं की कावीळ झाली किंवा दिवस गेले की पेशंटचे सांधे हलके होतात, म्हणजे शरीरातच काहीतरी औषध तयार होत असणार. १९४८ ला त्यांनी एका बाईला कॉर्टिसोनचं, म्हणजे शरीरात बनतं तसल्या स्टेरॉइडचं, इंजेक्शन दिलं, धड हलता येत नव्हतं ती काही दिवसांत चालायला लागली. १९५० ला नोबेल मिळालं. आणि मग कळलं की औषध बंद केलं की दुखणं परत, चालू ठेवलं तर चेहरा गोल, साखर वाढ, हाडं ठिसूळ.

ही गोष्ट मुद्दाम सांगतोय, कारण वहिनीनंही कुणीतरी सांगितलेली एक पुडी दोन महिने खाल्ली. चार दिवसांत जादू झाली, सगळे खूश. मग चेहरा फुगला. जडीबुटीच्या नावाखाली विकल्या जाणाऱ्या पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं देशात कितीदा सापडलंय, आणि जास्त दिवस घेतलेलं स्टेरॉइड एकदम बंद करणंही धोक्याचं, त्यामुळं खाल्लं असेल तर डॉक्टरला न लाजता सांगायचं.

मिशनरी डॉक्टर वॉन्लेस साहेबानं १८९४ ला दवाखाना काढला तेव्हापासून मिरज म्हणजे दवाखान्यांचं गाव, तरी आम्ही आधी सगळीकडं फिरलो. एका ठिकाणी रक्तातला आरए (ऱ्हुमॅटॉइड) फॅक्टर निगेटिव्ह आला म्हणून "काही नाही, कॅल्शियम घ्या" झालं. खरं तर आजार असूनही कितीतरी जणांचा हा फॅक्टर निगेटिव्ह येतो आणि ठणठणीत माणसाचाही पॉझिटिव्ह येऊ शकतो. अँटी सीसीपी नावाची दुसरी टेस्ट जास्त नेमकी, तरी शेवटी सूज हातानं चाचपून बघणारा डॉक्टर लागतो, म्हणजे रुमॅटॉलॉजिस्ट, अशा सांध्यांच्या आजारांचा तज्ज्ञ. चिकुनगुन्यानंतरही सांधे महिनोन् महिने असेच धरतात, तो ताप येऊन गेलाय का तेही सांगा. सूज दीड महिना टिकली तर थांबू नये, कारण पहिल्या काही महिन्यांत औषध लागलं तर हाड वाचतं, एकदा पोखरलेलं भरून येत नाही.

प्रतिकारशक्ती उलटण्याच्या याच खानदानातले आणखी दोन आजार ओझरते सांगतो. पंचविशीतला पोरगा, कंबर पहाटे दुखून जाग येते, उठून फिरलं की बरं, तीन महिने झाले, तर ते गादीचं किंवा बाईकचं नसून अँकिलोझिंग स्पाँडिलायटिस, म्हणजे कण्याच्या सांध्यांची सूज, असू शकतं. तरण्या पोरीला उन्हात गालांवर लाली, तोंडात फोड, केस गळती, लघवीला फेस, पाय सुजलेले, तर ल्युपस असू शकतं, आणि यात किडनी जाऊ शकते म्हणून लघवीची तपासणी आधी.

वहिनीला मेथोट्रेक्सेट, प्रतिकारशक्तीला आवर घालणारं औषध, चालू झालं. ही गोळी आठवड्यातून एकदाच, रोज खाल्ली तर रक्तातल्या पेशी कोसळून जीवावर बेततं, म्हणून पाकिटावर दादानं स्केचपेननं मोठ्ठं "बुधवार" लिहून ठेवलंय. मूल हवं असेल तर आधी डॉक्टरला विचारून बंद करावी लागते. या हंगामात ती सकाळी आठला कात्री घेऊन बागेत असते. फक्त बुधवारी रात्री गोळी घेतली की दुसऱ्या दिवशी मळमळतं, जेवण जात नाही, तर तिनं शेजारीपाजारी सांगून टाकलंय की औदुंबरच्या दत्ताचा गुरुवार धरलाय.